शिंकांचं पंचांग

फाल्गुनात पळस फुलला की गावातलं कुणीतरी मला हमखास म्हणतं, "वहिनी, आला तुमचा वैरी." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. माझं नाक वर्षातून दोनदा वाहतं, त्यातला एक मोसम पळसाशी जुळतो, आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी केशरी रंग पेटलेला असताना दुसऱ्या कुणावर संशय तरी कसा जाणार? पळस दिसतो, म्हणून आळ पळसावर.

पळस निर्दोष आहे. त्याचं फूल एवढं मोठं, रंगीत आणि मधाने भरलेलं असतं ते पाखरांना बोलावण्यासाठी. मैना, कोतवाल, शिंजीर येतात, चोच खुपसतात आणि डोक्याला लागलेला पराग पुढच्या फुलावर नेऊन ठेवतात. असा पराग जड असतो, चिकट असतो, वाऱ्यावर स्वार होऊन माझ्या नाकापर्यंत येणं त्याच्या नशिबात नाही. आंब्याच्या मोहोराचंही जवळपास तेच. त्याला माश्या लागतात. मोहोराच्या उग्र वासाने काहींचं नाक चुरचुरतं, पण ते वेगळं.

ज्या झाडाला पाखरू नको, माशी नको, नुसता वारा पुरतो, ते झाड फुलण्याचा देखावा कशाला करील? त्याचं फूल आपल्याला फूल म्हणून ओळखूसुद्धा येत नाही. आमच्या गावाबाहेर नाल्याच्या काठाने वावळाची चार-दोन मोठी झाडं आहेत. पानं गळून गेलेल्या फांद्यांना माघ-फाल्गुनात हिरवट-तपकिरी बारीक गुच्छ येतात. त्याकडे कुणी वळून बघत नाही. पुढे त्याच्याच चपट्या, पंखवाल्या बिया वाऱ्यावर उडू लागल्या की पोरं त्या वेचून आतला दाणा खातात, तेवढीच त्या झाडाची गावाला ओळख. भारतात ॲलर्जीच्या तपासणीसाठी कातडीवर ज्या परागांचे थेंब टोचून पाहतात, त्यांच्या यादीत वावळ असतो. एरंडी असते. आपण कुंपणाला लावलेली किंवा न लावता आलेली वेडी बाभूळही असते. पळस सहसा नसतो. हे मी गावात पुष्कळदा सांगितलं. लोक ऐकून घेतात आणि पुढच्या फाल्गुनात पुन्हा पळसाचंच नाव घेतात. दिसणाऱ्या वैऱ्यावर राग धरणं सोपं जातं.

माझा दुसरा मोसम मोठा. पोळ्याच्या सुमाराला सुरू होतो तो दिवाळीचे दिवे लागेपर्यंत चालतो. नेमके हेच दिवस असे की वावरात काम सगळ्यात जास्त, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवत सगळ्यात उंच आणि सण एकामागून एक. गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी लागते. दूर्वा म्हणजे आपली हरळीच, आणि हरळीचा पराग हा शिंका आणणाऱ्या गवतांमध्ये चांगला मानाच्या जागेवर बसलेला आहे. देवाला कोवळी, फूल न आलेली दूर्वा चालते, हा ज्याने कुणी नियम केला त्याचे माझ्यावर उपकार आहेत. तुरा आलेली हरळी खुडायची वेळ आली असती तर आरतीच्या वेळी माझ्या हातून ताटच सुटलं असतं. महालक्ष्म्यांच्या दिवसांत घरभर पाहुण्या बायका, सोळा भाज्यांची निवडानिवड, आणि मी पदर नाकाला लावून स्वयंपाकघराच्या दारात. "सूनबाईले सर्दी झाली वाटते," असं म्हणून पाहुण्या मला वाफ घ्यायला सांगतात. सांगू द्यावं.

या मोसमाचा खरा धनी मात्र गाजर गवत. आमच्याकडे काँग्रेस गवत म्हणायचीही पद्धत आहे. शाळेच्या कुंपणाला, स्मशानाच्या वाटेला, ग्रामपंचायतीच्या मागच्या मोकळ्या जागेत, जिथे जमीन कुणाचीच नाही किंवा सगळ्यांची आहे, तिथे ते कंबरेएवढं उभं. शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून तिच्या अरुंद रुळांमध्येही तेच. एके काळी या गाडीने आमच्या भागातला कापूस मुर्तिजापूरला पोचवला, आता तिच्या वाटेवर पांढऱ्या फुलांचा पट्टा आहे. लांबून कुणी पाहिलं तर छानच दिसेल.

हे गवत मूळचं मेक्सिकोकडचं. आपल्याकडे ते पुण्याला १९५५ च्या सुमारास नजरेत भरलं. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं सगळे सांगतात. त्याआधीच्याही काही जुन्या नोंदी सापडतात, पण देशभर ते सुटलं ते पन्नाशीच्या दशकानंतर. उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फुलतं, आणि एका चांगल्या पोसलेल्या झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बी धरतं असं तणांचा अभ्यास करणारे सांगतात. जनावर त्याला तोंड लावत नाही. लावलं तर दूध कडू होतं. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, त्याने कातडीला खाज सुटते, मान, कोपराची घडी, पापण्या काळ्या पडून जाड होतात. नाकाचा त्रास परागाने होतो, कातडीचा या द्रव्याने. कुणाला एक होतो, कुणाला दुसरा, आणि निंदणाला जाणाऱ्या बायांपैकी काहींना दोन्ही.

एक गोष्ट मला दर वर्षी खटकते. गाजर गवत उपटायची मोहीम आमच्याकडे निघते ती २ ऑक्टोबरला. गांधी जयंती, श्रमदान, हातात झाडू. तोवर ते गवत फुलून डोक्यावर गेलेलं असतं, अर्ध्याचं बी खाली पडलेलं असतं, आणि शाळेतली पोरं उघड्या हातांनी ते उपटून छातीशी धरून ढिगावर नेतात. त्या दिवशी संध्याकाळी गावात खोकणारी पोरं मोजावी. हेच काम आषाढात, पहिली निंदणी चालू असताना, फूल यायच्या आत, हाताला मोजे घालून केलं तर तेच गवत खड्ड्यात टाकून खत होतं. पण आषाढात गांधी जयंती येत नाही.

त्याला खाणारा एक भुंगाही आहे. मेक्सिकोहूनच १९८३ साली आणला, तपासला आणि पुढच्या वर्षी बंगळूरकडे सोडला. पिवळट अंगावर काळ्या रेघा. पावसाळ्यात तो गवताची पानं चाळण करून टाकतो आणि पाऊस सरला की जमिनीत दडून बसतो. त्याचा उपयोग आहे, पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही. मला जास्त भरवसा तरोट्याचा वाटतो. पहिल्या पावसानंतर आपण ज्याची कोवळी पानं खुडून भाजी करतो तोच हा तरोटा. तो दाट उगवला की गाजर गवताला वर येऊ देत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्या धुऱ्याने आणि घराकडे येणाऱ्या पांदणीने आम्ही तरोट्याचं बी उधळून ठेवतो. भाद्रपदात त्याला पिवळी फुलं येतात. ती फुलं माशीची, वाऱ्याची नव्हेत. सगळीकडे जमलं असं नाही. पांदणीत जमलं, नाल्याकडे नाही.

आता शिंकेबद्दल. नाक वाहतं ते निदान पदरात मावतं, शिंक मावत नाही. ती सगळ्या घराला ऐकू जाते आणि आपल्यात तिला अर्थ असतो. कुठे काम अडलं की माशी शिंकली म्हणायचं. कुणी निघताना शिंकलं तर निघणाऱ्याने खाली बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग उठायचं. मी लग्न होऊन या घरात आले ते वैशाखात. मुहूर्त चांगला होता असं आई अजून म्हणते. मला वाटतं तिने मुहूर्तापेक्षा माझं नाक पाहिलं असावं, कारण आमच्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या वैशाखात गवताची काडीही हिरवी नसते आणि मी वर्षात तेवढीच काय ती न शिंकणारी मुलगी असते. सासरच्यांना कळायला पोळा उजाडावा लागला.

आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, शास्त्र असं की एक शिंक अपशकुनाची, जोडीने दोन आल्या तर काम होतं. मला एकदम सात-आठ येतात. मग मामाजी, म्हणजे सासरे, कापसाची गाडी घेऊन निघायच्या बेतात, बैल जुंपलेले, आणि ओट्यावर आत्याबाई मोजत उभ्या, सम होतात की विषम. कधी मध्येच थांबायचं, सगळे वाट बघायचे, अजून एक येते का. नाकी नऊ येणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. गाडी निघायची असली की मला मागच्या खोलीत पाठवायला सुरुवात झाली. कापूस विकायला, सोयरिकीला, बँकेत, दवाखान्यात, कुणीही निघालं की मी मागच्या खोलीत. एक दिवस मामाजींनीच बैलांचे कासरे हातात धरून सांगितलं, "तिची शिंक धराची नाही. थो अपशकून नोहे, बिमारी हाय ते तिची." आत्याबाई गप्प बसल्या. माझ्या नाकाचं पहिलं निदान असं अंगणात झालं, आणि ते करणारा माणूस चौथी शिकलेला होता.

बिमारी म्हणजे नेमकं काय, हे मी नंतर वाचून समजून घेतलं. आमच्या गोठ्यात एक कुत्रा होता. चोर आला तर झोपून राहायचा आणि दर वर्षी येणाऱ्या मामावर तुटून पडायचा. शरीराचे पहारेकरी माझ्या बाबतीत तसंच करतात. पराग काही विष नाही. गवताचा कण मिलिमीटरच्या तीस-चाळीसाव्या भागाएवढा, बाकीच्यांच्या नाकात जातो आणि शेंबडाबरोबर निघून जातो. माझं शरीर मात्र पहिल्या काही भेटींत त्याला शत्रू ठरवतं आणि त्याच्यासाठी खास प्रतिद्रव्य तयार करून ठेवतं. आयजीई हे त्याचं नाव, १९६६ साली इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत ते शोधलं. हे प्रतिद्रव्य नाकाच्या आतल्या पेशींवर दबा धरून बसतं. पुढच्या मोसमात पराग आला की त्या पेशी फुटतात, हिस्टामीन बाहेर पडतं, आणि पाच-दहा मिनिटांत खाज, पाणी, शिंका. एवढ्यावर भागत नाही. काही तासांनी सुजेची दुसरी लाट येते. म्हणून दिवसभर वावरात शिंकलेल्या माणसाचं नाक रात्री खाटेवर पडल्यावर बंद होतं. तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडतो, झोप होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी माणूस आळशी ठरतो.

या आजाराचं पहिलं नीट वर्णन लिहिलं ते जॉन बोस्टॉक नावाच्या इंग्रज डॉक्टरने, १८१९ साली. रोगी तो स्वतःच होता. दर जूनमध्ये डोळे चुरचुरायचे, छाती भरून यायची. पुढे त्याने अशी आणखी माणसं शोधली, तेव्हा मोठ्या मिनतवारीने अठ्ठावीसेक मिळाली, आणि ती सगळी खाऊनपिऊन सुखी घरची. गरिबांत त्याला एकही सापडला नाही. पराग हेच कारण आहे हे ठामपणे दाखवलं ते मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरने, १८७३ मध्ये. तोही स्वतःच शिंकणारा. साठवलेला पराग मोसम नसताना मुद्दाम नाकात घालून घ्यायचा. उंचावरच्या हवेत पराग असतो का हे बघायला चिकट काचा बांधून पतंग उडवायचा. आपल्याकडे संक्रांतीला पोरं पतंग उडवतात तेव्हा मला हा म्हातारा आठवतो. त्यालाही तेच कोडं पडलं होतं: सगळ्यात जास्त पराग ज्याच्या अंगावर पडतो त्या शेतकऱ्याला हा आजार इतका कमी कसा?

या कोड्याला पुढे एक उत्तर आलं. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी ब्रिटनमधल्या हजारो मुलांची माहिती पाहून दाखवलं की घरात भावंडं जितकी जास्त, विशेषतः मोठी भावंडं, तितका हा आजार कमी. लहानपणी जंतूंशी गाठ पडली की शरीराचे पहारेकरी शहाणे होतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढे युरोपात गुराढोरांत वाढलेल्या मुलांबद्दलही असंच दिसून आलं. शास्त्रज्ञांबद्दल मला आदर आहे. पण मी पाच भावंडांतली शेंडेफळ, जन्मले ती गोठ्याला लागून असलेल्या खोलीत, शेणाने सारवलेल्या जमिनीवर रांगले, आणि तरीही शिंकते. सरासरीत मी बसत नाही, एवढंच.

बोस्टॉकच्या गरिबांबद्दल मात्र मला वेगळा संशय आहे. डॉक्टरकडे जो येतो तोच डॉक्टरला दिसतो. शिंकत शिंकत गवत कापणारा मजूर बोस्टॉकच्या दारात कशाला गेला असता? आमच्या निंदणाच्या ओळीत भादव्यात लाल डोळ्यांच्या तीन-चार बाया नेहमी असतात. त्यांना विचारा, "काही नाही वं, कचरा गेला डोळ्यात." दवाखान्याच्या कागदावर त्या कधीच येत नाहीत. पराग मोजायचं म्हणाल तर तेही शहरांचं काम. चंदीगडला तिथल्या पीजीआय या मोठ्या सरकारी दवाखान्याने कोणत्या महिन्यात कशाचा पराग हवेत असतो याचं कॅलेंडर केलं आहे. आमचं कॅलेंडर भिंतीवर आहे. त्या दिवसाच्या चौकोनात मी पेनने बारीक खूण करते, नाक सुरू झालं. काही वर्षांच्या खुणा एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या की इंग्रजी तारखा मागेपुढे होतात, पाऊस लांबला की मोसमही लांबतो.

दवाखान्यात जाणारे जातात ते दोन कारणांनी. एक म्हणजे गोळी, दुसरं म्हणजे सुई. मेडिकलमध्ये 'सर्दीची गोळी' म्हणून मिळते ती बऱ्याचदा सीपीएम, म्हणजे क्लोरफेनिरामीन, किंवा तिच्या जातीची, जुन्या पिढीची. शिंक थांबते आणि डोळ्यांवर झापड येते. ती खाऊन ट्रॅक्टर चालवणारे मी पाहते तेव्हा मला शिंकांपेक्षा त्याची भीती जास्त वाटते. थ्रेशरच्या पट्ट्याजवळ पेंगणारा माणूस कुणी उभा करू नये. त्यापेक्षा सेट्रिझिन बरी, तिनेही काहींना झोप येते. फेक्सोफेनाडीनने फारशी येत नाही. सुईची गोष्ट अजून वाईट. "डॉक्टरसायब, एक सुई मारा, कामाचे दिवस हायेत." महिनाभर पुरणारं स्टेरॉइड कमरेत घेतलं की नाक खरंच कोरडं होतं, आणि म्हणून पुढच्या वर्षी माणूस तेच मागतो. ते सगळ्या अंगात जातं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. मागणाऱ्याला दोष देता येत नाही, त्याची सोयाबीन उभी असते. देणाऱ्याने तरी नाही म्हणावं.

नाक मोकळं करणाऱ्या थेंबांचंही असंच. दोन थेंब टाकले की क्षणात वाट मोकळी. चार-पाच दिवसांपलीकडे टाकत राहिलं की नाक त्या थेंबांशिवाय उघडायलाच नाही म्हणतं. गावात अशी माणसं आहेत ज्यांच्या खिशात तंबाखूच्या पुडीबरोबर ती बाटली कायम असते.

मला जो फरक पडला तो नाकात मारायच्या स्टेरॉइडच्या फवाऱ्याने. त्याची मात्रा इतकी थोडी असते, आणि ती नाकातच राहते, की सुईशी तिची तुलना होत नाही. यवतमाळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मला कागदावर नाकाचं चित्र काढून समजावलं. मान थोडी खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजवीत, म्हणजे नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे न जाता डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. पडद्यावर रोज मारा झाला तर रक्त येतं. मारताना जोरात ओढायचं नाही, ओढलं की औषध घशात उतरतं. आणि मुख्य म्हणजे हा फवारा लगेच काम करत नाही. पुरता गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात. म्हणून मोसमाच्या आधी सुरू करायचा. मी राखीला सुरू करते. राखीपासून पोळा बरोबर पंधरा दिवसांवर, तेवढ्यात नाक तयार होतं. डॉक्टर ऑगस्ट म्हणाले होते. ऑगस्टपेक्षा राखी लक्षात राहते.

बाकीचा सल्ला मात्र कुणा दुसऱ्या देशातल्या माणसासाठी लिहिलेला असावा. पराग जास्त असेल तेव्हा घराबाहेर पडू नका. खिडक्या लावून घ्या. गवत कापण्याचं काम दुसऱ्याला सांगा. आमच्या घरावर कवेलू आहेत. खिडक्या लावल्या तरी हवा छपराच्या फटींतून येते आणि सकाळी पांघरुणावर बारीक पिवळी धूळ असते. आणि गवताचं काम दुसऱ्याला सांगायचं तर ती दुसरी म्हणजे शेजारची काकू, तिचे डोळे माझ्याहून लाल. ज्या गोष्टीपासून लांब राहायचं त्याच गोष्टीवर पोट असेल, तर त्या सल्ल्याचा निम्मा भाग आधीच फाडून ठेवावा लागतो.

उरलेल्या निम्म्यात बरंच काही करता येतं. वावरातलं लुगडं घरात आणायचं नाही, न्हाणीतच बदलायचं. डोक्याला फडकं गच्च बांधायचं आणि तरी रात्री झोपण्याआधी केस धुवायचे किंवा निदान ओल्या हाताने पुसायचे, नाहीतर दिवसभराचा पराग उशीवर येतो. या दिवसांत पांघरुणं अंगणातल्या दोरीवर वाळत घालायची नाहीत. डोळ्यांना साधा बिननंबरचा चष्मा. पहिल्या दिवशी निंदणाच्या ओळीत "मॅडम आल्या" झालं, आठवडाभरात कुणी बोलेना. गवत फुलतं तेव्हा दव वाळून ऊन चढायच्या वेळी पराग सुटतो, आणि निंदणाच्या बाया नेमक्या त्याच सुमाराला वावरात शिरतात. ती वेळ मला बदलता येत नाही, ओळीतली जागा बदलता येते. मी वाऱ्याच्या बाजूचं तास धरते, म्हणजे उपटलेल्या गवताचा धुराळा माझ्याकडून पुढे जातो. पुढे म्हणजे दुसरीकडे, हे मला कळतं. म्हणून आता धुऱ्याजवळची तासं फुलायच्या आधी, आषाढातच, काढून घेतो. मजुरी तेवढीच पडते.

संध्याकाळी मिठाच्या पाण्याने नाक धुते. पाणी उकळून कोमट केलेलं, पेलाभराला चहाचा अर्धा चमचा मीठ. विहिरीचं किंवा नळाचं पाणी तसंच नाकात घालू नये. कच्च्या पाण्यात क्वचित असा जंतू असतो जो पिताना काही करत नाही आणि नाकातून गेला तर मेंदूपर्यंत जातो. आत्याबाई निघण्याआधी नाकपुड्यांना आतून तुपाचं बोट लावायला सांगायच्या. ते मी अजून करते. पराग थोडा तरी तिथेच चिकटतो असं मला वाटतं, आणि नाही चिकटला तरी नाक फाटत नाही.

कापसाच्या वावरात मला त्रास होत नाही. कपाशीचा पराग टपोरा आणि जड, फुलाबाहेर फारसा पडत नाही. वेचणीच्या वेळी वाळल्या पानांचा चुरा घशात जातो तेवढाच. सोयाबीनचंही फूल स्वतःतच आटोपतं. पण सोयाबीन थ्रेशरमधून निघताना जे काही उडतं त्यात सगळा मोसम असतो: कुटार, माती, धुऱ्यावरच्या गवताचा वाळका पराग, पावसात भिजलेल्या शेंगांवरची बुरशी. बुरशीचे बीजकण परागाहून लहान, ते छातीपर्यंत उतरतात. पूर्वी पुरुष मंडळी तोंडाला दुपट्टा गुंडाळायची आणि तो अर्ध्या तासात गळ्यात यायचा. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना माणसं गेली, त्यानंतर तोंड झाकायला सांगणाऱ्याला कुणी हसत नाही. करोनानंतर एन-९५ मास्क घरोघरी पडून होते, ते आम्ही थ्रेशरसाठी वापरले. आता विकत आणतो. यंत्र कुठे उभं करायचं हे वारा बघून ठरतं. थ्रेशरवाला कटकट करतो, कारण त्याला रस्त्याजवळ सोयीचं असतं.

छातीचं मी शेवटी सांगते, पण ते शेवटचं नाही. नाक आणि फुप्फुस एकाच वाटेची दोन टोकं आहेत, आणि नाकाकडे दुर्लक्ष झालेल्या कित्येकांना पुढे दमा लागतो. रात्री खोकल्याची उबळ, पहाटे छातीत शिट्टी वाजणं, चढ चढताना दम अडकणं, असं काही असेल तर ते नुसतं नाक राहिलेलं नसतं. गावात हे लपवतात. मुलगी असेल तर सोयरीक मोडेल म्हणून, मुलगा असेल तर 'पंप लागला' म्हणजे माणूस संपला म्हणून. तोंडाने ओढायच्या पंपाला लोक मरणाची खूण समजतात आणि सुईला उपचार. मला उलटं दिसतं. पंपावर असलेला आमच्या गल्लीतला एक पोरगा कबड्डी खेळतो. पंप नको म्हणून सुया घेणारे त्याचे काका ओट्यावर बसून त्याला पाहतात.

शेजारच्या काकूंचं इतकी वर्षं एकच म्हणणं होतं, "आमाले नाही होत अशा बिमाऱ्या. हे शिकलेल्याइले होते." यंदा राखीच्या दुसऱ्या दिवशी त्या आल्या. डोळे चोळत चोळत विचारलं, तो फवारा केवढ्याचा, किती दिवस चालतो. बाटलीत एकशेवीस फवारे असतात, दोन्ही नाकपुड्यांत रोज दोन-दोन म्हटलं तर महिना. त्यांनी मनात निंदणाची मजुरी लावून पाहिली. मग म्हणाल्या, "दोघीत एक घेतली तं?" नळी नाकात घालायची असते, एकीची दुसरीला चालत नाही, असं म्हटल्यावर जरा हिरमुसल्या. पण डॉक्टरांना दाखवून आणला त्यांनी. आणून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला आणि शिंक आली त्या दिवशीच मारायचा असं ठरवलं. आज शिंक आली नाही तर औषध कशाला वाया घालवायचं, हा त्यांचा हिशेब मला खोडून काढता येत नाही, कारण आयुष्यभर त्यांनी सगळीच औषधं अशी पुरवली आहेत.

तेव्हा हल्ली सकाळी वावरात निघताना मी त्यांच्या दारात थांबते.

"काकू, मारला का?"

"मारतो न वं माय, चहा तं होऊ दे."